वाफेच्या इंजिनाची सफर: डब्यात बसायचं की कारनं मागे लागायचं?

प्रश्न थोडक्यात असा: दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलेलं एक जुनं वाफेचं इंजिन शनिवारी आणि रविवारी एकाच मार्गावर प्रवासी गाडी घेऊन धावणार आहे. तिकीट काढून आत बसावं, की कारनं पाठलाग करत फोटो काढावेत? दोन्ही करायचं तर आधी काय? डबा कुठला घ्यावा, आणि उभं कुठे राहावं?

दोन दिवस हातात असतील तर पहिल्या दिवशी बसा आणि दुसऱ्या दिवशी पाठलाग करा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण फोटोची घाई असते. पण ज्यानं त्या मार्गावर इंजिनामागे बसून एक फेरी केली आहे, त्याला इंजिनाचा दम कुठे निघतो आणि कुठे ते नुसतं घरंगळत जातं, हे कानांनी कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नकाशावर बोट ठेवताना तेच कामाला येतं. एकच दिवस असेल तर आयोजकांना एवढंच विचारा, की डब्यांच्या खिडक्या उघडतात का. उघडत असतील तर बसा. काचबंद, वातानुकूलित डब्यात बसून पुढे डिझेल आहे की वाफेचं इंजिन, हे शिट्टी सोडली तर फारसं जाणवत नाही. मग तिकिटाचे पैसे वाचवा आणि रस्ता धरा.

डबा, जागा, वेळ, कॅमेरा, या सगळ्याचं उत्तर शेवटी एकाच गोष्टीपाशी येतं: इंजिन कष्ट कुठे करतंय? पूल किती देखणा, दरी किती खोल, हे नंतर बघू.

त्याचं कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाला की वापरलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात, आणि तिच्या झोतानं भट्टीतला जाळ ओढला जातो. जितकी वाफ खर्ची पडते तितकी आग आपोआप भडकते. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो या बाहेर पडणाऱ्या वाफेचा एकेक हुंकार. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार ठोके पडतात. तीन सिलिंडर असतील तर सहा, म्हणून 1923 सालचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटिश इंजिन ऐकायला वेगळं लागतं. अमेरिकेतल्या ‘बिग बॉय’ला इंजिनाचे दोन स्वतंत्र संच आहेत. त्यांची चाकं एकमेकांना जोडलेली नाहीत, त्यामुळे दोन्ही संचांचे ठोके कधी जुळतात, कधी सुटतात, पुन्हा जुळतात. ज्यानं ते चढावर ऐकलं आहे तो व्हिडिओवर समाधान मानत नाही.

आता हिशेब बघा. चाक दोन मीटर व्यासाचं, इंजिन दोन सिलिंडरचं. ताशी 120 किलोमीटर वेगात सेकंदाला एकवीसेक ठोके पडतात, म्हणजे कानाला फक्त घरघर. तेच इंजिन चढावर ताशी 20 पर्यंत आलं की सेकंदाला साडेतीन ठोके, प्रत्येक सुटा ऐकू येतो, मोजता येतो. म्हणून सपाटीवर भरधाव जाणारी गाडी ‘मिळाली’ म्हणून खूश होऊ नका. आणि उतारावर तर ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा, बंदच करतो: ठोके थांबतात, धूर विरतो, उरते ती दांड्यांची खडखड आणि ब्रेकची करकर. जगातला सर्वांत सुंदर पूल उताराच्या दिशेला असेल, तर फोटोत इंजिन संग्रहालयातून उचलून ठेवल्यासारखं दिसेल.

धुराबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, अर्धवट जळलेला कोळसा किंवा तेल. चांगला फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारा, धुराड्याचं तोंड शक्य तितकं स्वच्छ ठेवतो, आणि फोटोवाल्यांसाठी मुद्दाम काळे लोट सोडले की जुने रेल्वेवाले नाक मुरडतात. मीही मुरडतो. खरी शोभा पांढऱ्या पिसाऱ्याची, आणि ती वाफ असते, धूर नाही. हवा थंड असली की ती लगेच बारीक थेंबांत बदलून ठळक दिसते, उन्हाळ्याच्या दुपारी धुराड्यापासून हातभर वर विरून जाते. त्यामुळे निवडीला वाव असेल तर थंडीतली सकाळची पहिली चढण सोडू नका.

चढ शोधायचे कसे? ज्या मार्गांवर अशा गाड्या नेहमी धावतात त्यांच्या चढणी वाफवेड्यांना तोंडपाठ असतात. इंग्लंडमध्ये सेटल ते कार्लाइल मार्गावर सेटलपासून ब्ली मूरपर्यंत पंधराएक मैल जवळपास सलग 100 फुटांना एक फूट असा चढ आहे, त्याला ‘लाँग ड्रॅग’च म्हणतात. त्याच टप्प्यात रिबलहेडचा 24 कमानींचा पूल येतो, म्हणजे तिथे देखावा आणि कष्ट दोन्ही एका जागी. शॅपची चढण लांबीला कमी, टेबे गावानंतर चारेक मैल, पण 75 ला एक. अमेरिकेत चामा ते कम्ब्रेस खिंड हा अरुंद मार्ग चार टक्क्यांनी चढत 10,015 फुटांवर जातो, आणि महामार्ग बराच काळ सोबत असतो. पाठलाग शिकायला याहून सोयीची जागा माझ्या माहितीत नाही. आपल्याकडे दार्जिलिंगहून घूमकडे जाणारी छोटी गाडी रस्त्याला चिकटूनच चालते, तिथे कारची गरजही पडत नाही. तिचा चढ जाताना आहे, घूम 7,407 फुटांवर, म्हणून जाताना ऐका. येताना बतासियाच्या वळणावर डोळे उघडे ठेवले की पुरे.

अनोळखी मार्ग असेल तर उंची दाखवणारा नकाशा काढा, नदी बघा. रूळ नदीच्या उगमाकडे चालले असतील तर चढ, आणि पाणलोटाची कड ओलांडली की उतार. स्थानकातून निघून लगेच चढ लागत असेल तर ती जागा सोन्याची, कारण गाडीला वेग घ्यायला वावच मिळालेला नसतो.

आता डब्याकडे वळू. पुढचा डबा ऐकण्यासाठी, मागचा डबा बघण्यासाठी, हा ढोबळ नियम. इंजिनालगत बसलात तर ठोके छातीत जाणवतात, पण इंजिन दिसत नाही, कारण ते नाकासमोरच्या रेषेत असतं. गाडीच्या मागच्या एक तृतीयांश भागात बसलात तर वळणाच्या आतल्या बाजूच्या खिडकीतून अख्खी गाडी कमानीसारखी वळलेली दिसते. आधी नकाशावर मोठी वळणं कुठल्या हाताला आहेत ते बघा आणि त्या बाजूची जागा मागा. टेंडरमागे, म्हणजे इंजिनाच्या कोळसा-पाण्याच्या डब्यामागे, कधी पाण्याची जादा टाकी किंवा कर्मचाऱ्यांचा डबा जोडलेला असतो, तेव्हा ‘पहिला डबा’ इंजिनापासून चांगलाच लांब पडतो. तिकीट काढण्याआधी गाडीची जोडणी विचारून घ्यावी.

निलगिरीच्या गाडीत हा नियम उलटा होतो. मेट्टुपालयमहून चढताना इंजिन मागे असतं, उताराच्या बाजूला, आणि डबे वर ढकलत नेतं. पहिल्या डब्यातल्यांना समोरचा रूळ आणि दरी, शेवटच्या डब्यातल्यांना इंजिनाचा सगळा संसार. कल्लारनंतर दात्यांचा रूळ सुरू होतो, चढ साडेबारा फुटांना एक फूट इतका खडा. तोवर दोनच सिलिंडर काम करत असतात. इथून पुढे त्यांची वापरलेली वाफ आणखी दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. आवाजात झालेला बदल डोळे मिटूनही कळतो. कुन्नूरला वाफेचं इंजिन निघतं आणि उटीपर्यंत डिझेल लागतं, तेव्हा वाफेसाठी आला असाल तर खालचाच टप्पा घ्या.

शेपटाला डिझेल जोडलेलं दिसलं तर हिरमुसू नका, पण चौकशी करा. ते कधी नुसतं बिघाडासाठी असतं, कधी ब्रेकला मदत म्हणून, कधी डब्यांना वीज पुरवण्यासाठी. चढावर तेच ढकलत असेल तर पुढचं इंजिन निवांत चालेल आणि तुमचा चढ फुकट जाईल. पहिल्या दिवशी गाडीत बसायचं आणखी एक कारण हे, की कोण किती ओढतंय ते तासाभरात समजतं.

खिडकी उघडी असेल तर डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा हवाच. कोळशाच्या इंजिनातून बारीक जळके कण उडतात, डोळ्यात गेले की उरलेला दिवस डोळा चोळण्यात जातो. पांढरे कपडे घालू नका. डोकं, हात, सेल्फीची काठी बाहेर काढू नका. सिग्नलचे खांब आणि बोगद्यांच्या भिंती डब्यापासून वाटतात त्याहून फार जवळून जातात.

गाडीतल्यांचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे पाण्याचा थांबा. 1928 साली लंडन ते एडिनबरा हे 392 मैल इंजिन न थांबता कापायचं, कारण रुळांमधल्या लांब पन्हळींतून धावता धावता पाणी उचललं जायचं. त्या पन्हळी आता नाहीत. आजच्या सफरींत शेकडाभर मैलांवर थांबून टँकरनं किंवा नळकोंडाळ्यावरून पाणी घ्यावं लागतं. परवानगी असेल तिथे उतरा आणि गर्दीसारखं इंजिनाच्या नाकासमोर न जाता बाजूला, चाकांच्या मध्यावर उभे राहा. ड्रायव्हर लांब चोचीची तेलकॅन घेऊन दांड्यांच्या एकेका सांध्याशी थांबतो, तेल सोडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूनं बेअरिंगची ऊब बघतो. एखाद्या जागी हात जरा जास्त वेळ थांबला, मग त्यानं सोबत्याला हाक मारली, की समजावं आज गाडीला उशीर आहे. वर फायरमन नवा जाळ घालत असतो आणि तोवर सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेची पिसं सुटू लागतात: बॉयलरमधला दाब पुरता चढला, आता हलायला तयार. निघताना सिलिंडरच्या तळचे नळ उघडे ठेवतात, कारण आत गार होऊन साचलेलं पाणी बाहेर काढावं लागतं, नाहीतर दट्ट्यापुढे अडकून ते सिलिंडरच फोडेल. त्या फवाऱ्यात इंजिनाचा पुढचा भाग काही क्षण नाहीसा होतो. दिसायला झकास, पण ती वाफ भाजते. फलाटाच्या कडेला त्या बाजूला उभं राहू नये.

काही सफरींत प्रवाशांना आडजागी उतरवतात, गाडी मागे नेतात आणि पुन्हा पूर्ण जोरात समोरून काढतात. तिथे आखलेल्या रेषेपुढे एकानं पाऊल टाकलं की सगळ्यांचा फोटो जातो. पुढचे बसतील, मागचे उभे राहतील, आणि गाडी दिसल्यापासून आवाज विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कारण शेजारी कुणीतरी ध्वनिमुद्रण करत असतो. ‘वा!’ मनात म्हणा.

आता पाठलाग. इथे नवख्यांचा हिशेब हमखास चुकतो. रस्त्यावर ताशी 80 नं जाता येतं, गाडी ताशी 60 नं येते, म्हणजे आरामात दहा जागा होतील, असं वाटतं. प्रत्यक्षात कार लावणं, चालत जाणं, वाट बघणं, फोटो, परत येणं आणि पुन्हा रस्त्याला लागणं यात प्रत्येक जागेला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात गाडी दहा-पंधरा किलोमीटर पुढे गेलेली असते. शिवाय तुमच्यासारखेच आणखी पन्नास जण त्याच अरुंद रस्त्यावर असतात. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गावर वाफेच्या गाड्या ताशी 75 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 किलोमीटर वेगानं जातात, तिथे मागून गाठणं विसरा.

म्हणून मागे धावायचं नाही, पुढे राहायचं. पुढे जाता येतं ते फक्त गाडी थांबते तेव्हा. पाण्याचे थांबे, दुसऱ्या गाड्यांना वाट देण्याचे थांबे कागदावर आधी लिहून काढा. प्रत्येक थांब्याच्या अलीकडे एक जागा, पलीकडे एक जागा, याहून जास्त ठरवू नका. थांब्यावर स्वतः रेंगाळू नका. गाडी सुटल्यावर निघालात तर सगळी रांग तुमच्या पुढे असेल. ब्रिटनमध्ये ‘रिअलटाइम ट्रेन्स’ या संकेतस्थळावर गाडी कुठल्या ठिकाणाहून किती वाजता गेली ते दिसतं, आणि युनियन पॅसिफिक ही अमेरिकी रेल्वे कंपनी ‘बिग बॉय’ कुठे आहे याचा नकाशा स्वतःच प्रसिद्ध करते. इतरत्र आयोजकांचं वेळापत्रक आणि तुमचे कान.

माझं मत विचाराल तर दिवसभरात तीन जागा पुष्कळ झाल्या, आणि त्यातली एक अशी असावी की जिथे अर्धा तास आधी पोचून नुसतं उभं राहायचं. चढणीच्या वरच्या टोकाशी, वारा पडलेल्या सकाळी, गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते. शिट्टी एखाद्या फाटकावर, मग काही नाही, मग डोंगराआडून ठोके, कधी स्पष्ट, कधी डोंगर कापून काढलेल्या वाटेत बुडालेले. मध्येच चाक घसरलं तर ठोके एकदम दाटून येतात, ड्रायव्हर रेग्युलेटर आत घेतो, क्षणभर शांतता, आणि पुन्हा एकेक. कारमधून धावणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.

जागेवर पोचलात की आधी वारा बघा. वारा तुमच्या पाठीमागून रुळांकडे जात असला पाहिजे. उलट असेल तर वाफेचा पडदा नेमका तुमच्या आणि गाडीच्या मध्ये येतो. त्यानंतर ऊन: शक्यतो सूर्य पाठीमागे आणि थोडा बाजूला, म्हणजे चाकांवरही उजेड पडतो. काळं इंजिन आणि पांढरी वाफ एका चौकटीत असतात, तेव्हा वाफ जळणार नाही, म्हणजे नुसती पांढरीफटक होणार नाही, इतकाच उजेड ठेवा. इंजिनावरचा अंधार नंतर उजळता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. समोरून येणाऱ्या गाडीला शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून वेगवान. बाजूने जाताना कॅमेरा सोबत फिरवत साठावा भाग वापरून बघा, चाकं फिरताना दिसतात. एका झटक्यात भरपूर फोटो घेत असाल तर नंतर निवडताना चाकांना जोडणारी दांडी खाली असलेला ठेवा, चाकं मोकळी दिसतात. जुने फोटोवाले यावरून भांडतात, आणि बरोबर भांडतात.

कारमध्ये दोघं हवेत. चालवणारा फक्त चालवेल, तोच नियम. गाडीला समांतर चालवत खिडकीतून व्हिडिओ काढणं हा पाठलागातला सर्वांत वाईट प्रकार आहे, पुढच्या वाहनाचा ब्रेक दिसत नाही.

आणि रुळांपासून दूर. हे सांगावं लागतं याचीच खंत आहे. 25 फेब्रुवारी 2016 ला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या सफरीवर लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा वाटेत लोक रुळांवर उतरले म्हणून गाडी थांबवावी लागली. जून 2024 मध्ये कॅनडाहून मेक्सिकोला गेलेलं 1930 सालचं 2816 क्रमांकाचं इंजिन इदाल्गो राज्यातून जात होतं. एक तरुणी रुळांलगत वाकून सेल्फी घेत होती, तिला त्याचा धक्का बसला आणि ती गेली. इंजिनाचे सिलिंडर आणि पायऱ्या रुळांच्या बाहेर बऱ्याच अंतरापर्यंत आलेल्या असतात, आणि फोनच्या पडद्यात मागून येणारी वस्तू आहे त्याहून लांब दिसते. दुहेरी मार्ग असेल तर दुसऱ्या रुळावरून नेहमीची गाडी येऊ शकते, आणि वाफेच्या गोंगाटात तिचा आवाज पोचत नाही. शेतात उभं राहायचं तर मालकाला विचारा, फाटक होतं तसं लावा.

तिकीट काढताना बारीक अक्षरं वाचा. कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी वणवा लागायची भीती असते, अशा वेळी वाफेच्या इंजिनाऐवजी डिझेल लावलं जातं आणि बहुतेक आयोजक त्याचे पैसे परत देत नाहीत. कोलोरॅडोत 2018 च्या वणव्यानंतर ड्युरँगो-सिल्व्हरटन मार्गानं कोळशाची इंजिनं तेलावर आणायला सुरुवात केली ती याच कारणासाठी. ठरलेली तारीख कोरड्या महिन्यात असेल तर तिकिटापेक्षा पाठलागावर भिस्त ठेवा. बदल झालाच तर निदान घरी तरी राहता येईल.

शेवटची चौकशी परतीची. दुसऱ्या टोकाला फिरवायचं चक्र किंवा त्रिकोणी मार्ग नसेल तर इंजिन टेंडर पुढे करून, पाठमोरं परत येतं. तसं असेल तर पाठलागाची सगळी ताकद सकाळच्या फेरीवर लावा आणि संध्याकाळची फेरी बसून करा. टेंडर पुढे असला की भट्टीचं दार आणि त्यातला उजेड पहिल्या डब्याच्या बाजूला येत नाही, तेव्हा संध्याकाळी पुढच्या डब्याचा हट्टही सोडा, मागे खिडकी मिळेल तिथे बसा.